सॉफ्ट स्किल्स म्हणजे इंग्रजी नव्हे

सत्र सुरू झाले की पहिल्या पंधरा दिवसांत पालकांचे फोन येऊ लागतात. महाराष्ट्रातून आलेल्या फोनवर एक वाक्य ठरलेले असते. "सर, पोरगं हुशार आहे हो. फक्त त्याचं इंग्रजी तेवढं सुधारून द्या, सॉफ्ट स्किल्स कमी पडतात." इंग्रजी आणि सॉफ्ट स्किल्स या दोन गोष्टी एका दमात, एकच असल्यासारख्या येतात. मी "बघतो" म्हणून फोन ठेवतो. फोनवर समजावून सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून या वेळी मराठी पानाची जागा त्यासाठी घेत आहे.

आधी मैदानावरचा एक प्रसंग सांगतो. गेल्या ऑक्टोबरात, इकडचा ईशान्य मोसमी पाऊस सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात, नऊ छात्रांच्या गटाला मी एक अडथळा दिला होता. एक फळी, एक बल्ली, एक दोरी आणि पलीकडे न्यायचे एक ओझे. मधल्या जमिनीला पाय लावायचा नाही. फळी मुद्दामच तोकडी ठेवलेली. गटातले दोन छात्र मोठ्या शहरातले, इंग्रजी सफाईदार. शिट्टी वाजताच त्यांनी ताबा घेतला. एकाची योजना दुसऱ्याला पटेना, दुसऱ्याची पहिल्याला. बाकीचे सात जण सांगतील ते उचलत होते आणि सांगतील तिथे ठेवत होते. सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला, मराठी माध्यमात शिकलेला एक छात्र दोरीचे टोक धरून उभा होता. वेळ संपली तेव्हा ओझे अलीकडेच होते.

नंतर त्याला बाजूला घेतले. "तुला काही सुचलं होतं का?"

"हो सर. फळी बल्लीला बांधायची, पुढं काढायची आणि मागच्या टोकावर तिघांनी बसायचं. आमच्याकडं विहिरीत मोटर सोडताना असंच करतात."

उत्तर बरोबर होते. मी मनात धरलेला मार्ग तोच होता. "मग बोलला का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "ते दोघं बोलत होते ना सर."

त्याने इंग्रजीचे नाव काढले नाही, हे लक्षात घ्या. चालू बोलण्यात आपला शब्द कसा टाकायचा, हे त्याला कधी कोणी शिकवले नव्हते. आणि नऊ डोकी हाताशी असताना बाकीच्या सातांना "तुला काय वाटतं?" असे विचारायचे असते, हे त्या दोघांना कोणी शिकवले नव्हते. मग सॉफ्ट स्किल्स नेमकी कोणाची कमी पडली? कबुली द्यायची तर, माझ्या वहीत त्या दोघांपैकी एकाच्या नावापुढे मी "चांगला" असा शेरा लिहिला होता. ओझे अलीकडे पडलेले असताना! रात्री तो खोडला, पण आधी लिहिला होता हे खरे. सफाईदार बोलण्याची भूल परीक्षकालाही पडते.

हा शब्द मोठ्या कंपन्यांनी आणला असा सर्वसाधारण समज आहे. तो आला लष्करातून. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सैन्याने आपल्या प्रशिक्षणाची पद्धतशीर आखणी सुरू केली. रणगाडा चालवणे, तोफ लावणे, वायरलेस संच दुरुस्त करणे ही कामे पायरीपायरीने कागदावर मांडता आली. मग प्रश्न उभा राहिला की सैनिकांची पाहणी करणे, कार्यालयातल्या माणसांकडून काम करून घेणे, अहवाल लिहिणे यांचे काय करायचे? इथे संबंध यंत्राशी नव्हता, माणसांशी आणि कागदाशी होता. यंत्राची ती 'हार्ड', म्हणून ही 'सॉफ्ट'. १९७२ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस येथे या विषयावर खास परिषद भरली. तिथे पॉल व्हिटमोर या अभ्यासकाने मार्मिक मुद्दा मांडला. ज्या कामाबद्दल आपल्याला पुष्कळ कळलेले असते त्याला आपण हार्ड म्हणतो, ज्याबद्दल फारसे कळलेले नसते त्याला सॉफ्ट म्हणतो. म्हणजे कमीपणा कौशल्यात नाही, आपल्या माहितीत आहे.

मराठीत 'मृदू कौशल्ये' असे भाषांतर रूढ होत आहे. मला ते खटकते. मृदू म्हटले की गोड बोलणे, हसतमुख राहणे, शर्ट नीट खोचणे असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. वरिष्ठाला त्याची चूक दाखवणे हेही सॉफ्ट स्किलच आहे, आणि त्यात मृदू असे काही नाही. माणसांशी काम करण्याचे कसब, एवढे म्हटले तरी पुरे.

आता तुमच्यातल्या बहुतेकांचे ध्येय असलेल्या परीक्षेकडे येऊ. सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड म्हणजे एसएसबी उमेदवारात पंधरा गुण शोधते. त्यांची यादी छात्रांना पाठ असते, पण ती नीट वाचलेली नसते. बुद्धीचा व्यवहारात उपयोग, तर्कशक्ती, संघटनशक्ती, विचार मांडण्याची ताकद, लोकांत मिसळण्याची क्षमता, सहकार्य, जबाबदारीची जाणीव, पुढाकार, आत्मविश्वास, झटपट निर्णय, गटावर प्रभाव पाडणे, उत्साह, निश्चय, धैर्य आणि दमश्वास. यातला शरीराशी थेट संबंध असलेला गुण मोजा. एकच सापडेल, तो शेवटचा. बाकीचे चौदा तुम्ही माणसांत कसे वागता आणि प्रसंग आला की डोके कसे चालवता, यावर कळतात. आणि यादीत इंग्रजी कुठे आहे? 'विचार मांडण्याची ताकद' या एका गुणात भाषेचा वाटा आहे. पण तिथेही समोरच्याला नेमके कळले का, हे महत्त्वाचे असते, उच्चार कोणत्या शाळेतला आहे हे नव्हे.

ही निवडपद्धत मुळात उच्चारांवर विसंबण्याच्या चुकीतूनच निघाली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्य अधिकारी निवडत असे ते मुख्यतः छोट्या मुलाखतीवर. उमेदवार कोणत्या शाळेतला, बोलतो कसा, घराणे कोणते, यावर पुष्कळ काही ठरे. त्यातून निवडलेले बरेच जण प्रशिक्षणात नापास होऊन परत जाऊ लागले. म्हणून १९४२ मध्ये नवी निवड मंडळे सुरू झाली. विल्फ्रेड बायॉन या मानसोपचारतज्ज्ञाने त्यांत एक साधी युक्ती आणली. गटाला काम द्यायचे, पण नेता नेमायचा नाही. मग कोण पुढे येतो, कोण दुसऱ्याला सामावून घेतो, कोण फक्त आवाज करतो, हे आपोआप दिसते. बायॉन स्वतः पहिल्या महायुद्धात रणगाडा दलातला अधिकारी होता, आणि त्याचा जन्म आपल्या मथुरेतला. १९४३ मध्ये ही पद्धत भारतात डेहराडूनला आली. आज तुम्ही फळी आणि बल्ली घेऊन धडपडता ती त्याच युक्तीची नातवंडे आहेत.

आपण गिंडीत आहोत, तर इथले एक उदाहरण घेऊ. गिंडी स्टेशनवरून तांबरमकडे जाणारी लोकल पकडली की पुढचेच स्टेशन सेंट थॉमस माउंट, म्हणजे परंगीमलै. तिथे १९६३ पासून लष्कराचे अधिकारी घडवणारी संस्था आहे, आजची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी. इकडे सरदार पटेल रस्त्यावर गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय. १७९४ मध्ये भूमापनाची शाळा म्हणून ते सुरू झाले आणि आज अण्णा विद्यापीठात आहे. एकीकडे सैन्य, दुसरीकडे अभियंते. शिकवायचे विषय वेगळे, पण अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला कंपनी निवडायला येते तेव्हा लेखी परीक्षेनंतर त्यालाही बहुधा गटचर्चा आणि मुलाखत यांतूनच जावे लागते. गणितात पहिला आलेला मुलगा तिथे गप्प बसतो. आमच्या सांगलीकराचा भाऊच म्हणायचा.

सरकारांना हे कळलेले नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सॉफ्ट स्किल्सचा उल्लेख आहे. तमिळनाडूने २०२२ मध्ये 'नान मुदल्वन' ही योजना सुरू केली. नावाचा अर्थ 'मीच पहिला', आणि तिच्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना संवादकौशल्यासह नोकरीला लागणारी कौशल्ये शिकवतात. महाराष्ट्राने तर फार आधी, १९७७ मध्ये, औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. सैन्यातल्या अधिकाऱ्यांत मराठी मुले कमी दिसतात, हेच तिचे कारण. योजना आहेत. अडते ते वर्गात. पहिल्याच तासाला एक हात वर होतो, "सर, हे मार्काला आहे का?" नाही म्हटले की वही बंद होते. हो म्हटले तर व्याख्या पाठ होतात. 'सहकार्य म्हणजे काय? चार ओळींत लिहा.' पोहण्याची लेखी परीक्षा घ्यावी तसे हे आहे.

मग शिकवायचे कसे? माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट अगदी लहान आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे उस्ताद धडा संपवताना विचारतात, "कोई शक?" आणि सगळी रांग एका आवाजात ओरडते, "नहीं उस्ताद!" शक असतो. पुष्कळ असतो. पण त्या आवाजात तो बुडून जातो. वायरलेसवर मात्र आपण असे चालू देत नाही. महत्त्वाचा संदेश असला की ऐकणाऱ्याला तो जसाच्या तसा परत वाचून दाखवावा लागतो. चूक असेल तर तिथल्या तिथे कळते. हीच शिस्त मी बोलण्यात आणली. सूचना दिली की "कळलं का?" असे विचारायचे नाही. एकाला उभे करायचे आणि म्हणायचे, "तू काय करणार आहेस ते मला सांग." पहिल्या आठवड्यात दहापैकी सहा-सात जण भलतेच काहीतरी सांगत. दोष त्यांचा नव्हता, माझ्या सूचनाच गोंधळाच्या होत्या. मीच वाक्ये लहान करायला शिकलो.

गटचर्चेसाठी याचाच दुसरा भाग. नियम असा की स्वतःचा मुद्दा मांडण्याआधी आधीच्या बोलणाऱ्याचा मुद्दा एका वाक्यात सांगायचा, आणि त्याने मान हलवली तरच पुढे जायचे. पहिल्या दिवशी चर्चा अक्षरशः ठप्प झाली. कारण कोणीच कोणाचे ऐकत नव्हते, प्रत्येक जण आपली पाळी येण्याची वाट बघत होता. तीन आठवड्यांनी चर्चा चालू लागली. तिचा आवाज निम्मा झाला होता. आणि एक गोष्ट मी अपेक्षिली नव्हती. गप्प बसणाऱ्यांना दार उघडले. दुसऱ्याचा मुद्दा सांगायला धीर कमी लागतो. तो सांगून झाला की तोंड उघडलेलेच असते, मग स्वतःचाही येतो.

इथे आपल्या वक्तृत्व स्पर्धांबद्दल थोडे बोलायला हवे. महाराष्ट्रात शाळाशाळांतून त्या होतात आणि मला त्यांचे कौतुक आहे, मीही त्यांतूनच आलो. पण पाठ केलेले भाषण हातवारे करून म्हणणे हे एकट्याचे काम आहे. समोरच्याच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला तरी भाषण बदलत नाही. ढाल जिंकून आलेले छात्र गटचर्चेत पहिले तीन मिनिटे गाजवतात आणि नंतर कोणी अडवले की कोसळतात. ऐकण्याची स्पर्धा मी अजून कुठल्या शाळेत पाहिलेली नाही.

आता वाईट बातमी वर कळवण्याबद्दल. हे सर्वांत अवघड, आणि आपल्यासारख्या शिस्तीच्या संस्थेत तर फारच. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे १७३ क्रमांकाचे विमान उतरत होते. चाकांच्या यंत्रणेत बिघाडाचा संशय आला. कॅप्टन अनुभवी होता. त्याने उतरणे थांबवले आणि सुमारे तासभर तो आकाशात घिरट्या घालत चाकांचा प्रश्न सोडवत राहिला. इंधन कमी होत होते. ते फ्लाइट इंजिनिअरला दिसत होते, त्याने सांगितलेही, पण कॅप्टनचे लक्ष खेचून घेईल अशा ठामपणे नव्हे. अखेर एकेक इंजिन बंद पडले आणि विमान वस्तीत कोसळले. १८९ जणांपैकी दहा जण मेले. विमान चालवण्याच्या कसबात कोणीही कमी नव्हते. कमी पडले ते कनिष्ठाचे ठाम बोलणे आणि वरिष्ठाचे ऐकणे. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर परिषद घेतली, १९८१ मध्ये त्याच कंपनीने वैमानिकांना एकमेकांशी बोलण्याचे प्रशिक्षण सुरू केले, आणि आज जगभरच्या वैमानिकांना ते घ्यावे लागते.

छात्रांना हे सांगितले की एक प्रश्न येतोच, "पण सर, सीनियरला उलट बोलायचं?" उलट नाही, वेळेवर. त्यासाठी मी चार पायऱ्यांचा सराव घेतो. हाक मारा, काय दिसते ते सांगा, त्याने काय होईल ते सांगा, काय करावे ते सुचवा. "सर, दोरीची गाठ सुटते आहे, वरचा माणूस पडेल, आपण थांबू या." झाले. यात उद्धटपणा कुठे आहे? सरावाच्या वेळी मी मुद्दाम चुकीची सूचना देतो आणि कोण टोकतो ते बघतो. पहिल्या खेपेला कोणीच टोकत नाही. एकदा एक छात्र चुकीच्या दिशेने दोनशे मीटर पळाला, दिशा चूक आहे हे माहीत असूनही. आम्ही दोघे हसलो खरे, पण मला त्या रात्री बरे वाटले नाही.

भाषेचा मुद्दा अजून बाकी आहे. इंग्रजी शिकूच नका असे मी म्हणत नाही. शिका, रोज शिका, मुलाखतीत आणि पुढे नोकरीत ती लागतेच. पण उद्या तुम्ही अधिकारी झालात आणि मद्रास रेजिमेंटमध्ये गेलात, तर जवानाच्या घरची चिठ्ठी समजून घ्यायला तमिळ किंवा मलयाळम लागेल. तमिळ छात्र मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेला तर त्याला मराठी शिकावी लागेल. आपल्या सैन्यात अधिकाऱ्याने जवानांची भाषा शिकण्याची जुनी रीत आहे. म्हणून मी मराठी छात्रांना सांगतो, गिंडीत आहात तोवर मेसमधल्या अण्णांशी तमिळमध्ये बोला. चुका होतील, ते हसतील, चालायचेच. चुकत बोलायची लाज एका भाषेत गेली की ती इंग्रजीतही जाते. आणि 'साप्टाच्चा?' म्हणजे 'जेवलास का?' एवढे विचारता आले तरी माणसे कशी खुलतात ते बघा.

पालकांसाठी दोन गोष्टी. सुट्टीत मुलगा घरी आला की त्याला "इंग्रजीत बोलून दाखव" असे पाहुण्यांसमोर म्हणू नका. त्यापेक्षा घरातले एखादे खरे काम सोपवा. बँकेत जाऊन आजीच्या खात्याचे काम करून येणे, शेजाऱ्याशी बांधाचा किंवा पाण्याच्या पाळीचा प्रश्न बोलून येणे. काम झाले नाही तरी चालेल. परत आल्यावर ओरडू नका. काय ठरवले होते, काय झाले, का झाले, पुढच्या वेळी काय करशील, एवढे चार प्रश्न विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. ही शेवटची अट वडिलांना जास्त जड जाते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, घाई करू नका. दहा दिवसांच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिराच्या जाहिराती मीही वाचतो. दहा दिवसांत टाय बांधता येतो.

तो सांगलीचा छात्र मध्यंतरी एसएसबीला जाऊन आला. पाचव्या दिवशी, शेवटच्या बैठकीनंतर, यादीत त्याचे नाव नव्हते. तो पुन्हा जाणार आहे. परवाच्या शनिवारी पुन्हा फळी, बल्ली आणि दोरी काढली. गट नवा होता, पण बोलणारे दोघे इथेही होतेच. चौथ्या मिनिटाला त्याने "एक मिनिट" म्हटले. कोणी ऐकले नाही. त्याने दोरी खाली ठेवली, बोलणाऱ्याच्या समोर जाऊन उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, "एक मिनिट. तू म्हणतोस फळी आधी टाकायची. बरोबर?" त्या मुलाने मान हलवली.